पाटीवरचा आकडा: छोट्या ॲल्युमिनियम बोटीला मोटर किती मोठी?

अमेरिकेत चौदा फुटी ॲल्युमिनियम बोट घेतली की आत एक छोटी पाटी ठोकलेली दिसते. माणसं किती बसवायची, एकूण वजन किती चालेल आणि मोटर जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरची लावायची, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. मिशिगन-मिनेसोटाकडे राहणारे आपले लोक मासेमारीसाठी जुनी बोट बघायला जातात तेव्हा पहिला प्रश्न याच आकड्याचा येतो. तो कसा ठरला हे माहीत असलं, तर मोटर निवडताना पुष्कळ गोंधळ टळतो.

सुरुवातीला असा प्रश्नच नव्हता. मूळचा नॉर्वेचा ओले एव्हिनरूड १९०९ मध्ये मिलवॉकीत बोटीच्या मोटरी विकू लागला, तेव्हा त्याची मोटर दीड हॉर्सपॉवरची होती आणि वजन ६२ पौंड. डेट्रॉईटच्या कॅमेरॉन वॉटरमनने त्याच्याआधीच बाहेरून अडकवायची मोटर बाजारात आणली होती, पण जम बसला तो एव्हिनरूडचा. बोटी लाकडाच्या, जड, वल्ह्यांसाठी बांधलेल्या. असली बोट पाणी कापत चालते आणि एका वेगापुढे जातच नाही. वरून कितीही ताकद लावली तरी मागचं टोक तेवढं खाली बसतं.

हे गणित ॲल्युमिनियमने बदललं. ग्रुमन या विमान कंपनीतले विल्यम हॉफमन १९४४ मध्ये ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात जड कनू (वल्ह्यांची अरुंद होडी) खांद्यावर वाहून थकले, आणि विमानाचा पत्रा वापरून हलकी कनू का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. युद्ध संपल्यावर विमानांची मागणी आटली, पण पत्रा ताणून घडवण्याचं आणि रिव्हेट मारण्याचं कसब हाताशी होतंच. १९४६ मध्ये ॲल्युमाक्राफ्ट आणि १९४८ मध्ये लुंड, या मिनेसोटातल्या कंपन्या याच लाटेतल्या. हलक्या पत्र्याची बोट थोड्या ताकदीवरही पाण्यातून वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून सरकत पळते. म्हणजे आता जादा हॉर्सपॉवरचा खरोखर उपयोग होऊ लागला.

मोटरीही थांबल्या नव्हत्या. १९४९ ची जॉन्सन १० हॉर्सपॉवरची होती, तिला गिअर आणि वेगळी पेट्रोलची टाकी होती; १९५८ पर्यंत ५० हॉर्सपॉवरची व्ही-फोर, म्हणजे व्ही आकारात चार सिलिंडरची मोटर आली. बोटी मात्र तेवढ्याच लांबीच्या. मोठी मोटर लावून वेगात जाताना एकदम थ्रॉटल सोडून वेग तोडला, की स्वतःचीच मागची लाट बुटक्या मागच्या फळीवरून आत येते. वेगात वळवलं, की माणूस बाहेर फेकला जातो. उद्योगातल्या संघटनेच्या ऐच्छिक पाट्या होत्या, पण सक्ती आली ती १९७१ च्या केंद्रीय बोट सुरक्षा कायद्याने.

वीस फुटांहून लहान बोटींसाठीचं त्याखालच्या नियमांतलं सूत्र साधं आहे. लांबी आणि ट्रान्समची, म्हणजे मोटर अडकवायच्या मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत घेऊन गुणायच्या. बारा फुटी बोट आणि चार फुटी ट्रान्सम असेल तर ४८. नियमांतल्या तक्त्यात त्यापुढे १५ हॉर्सपॉवर, आणि बोट सपाट तळाची, कडा काटकोनी असेल तर १०. गुणाकार ५२ च्या वर गेला की फरक आणखी वाढतो. समजा तो ६५ आला. सपाट तळाच्या, हाताने दांडा धरून वळवायच्या जॉन बोटीला २० हॉर्सपॉवर मिळतात, व्ही आकाराच्या तळाला ३०, आणि पुढे स्टिअरिंग असून ट्रान्सम २० इंच उंच असेल तर ४०. लांबी-रुंदी तीच, उत्तरं तीन! म्हणूनच ‘चौदा फुटी बोटीला अमुक हॉर्सपॉवर’ असा सरसकट सल्ला मला धोक्याचा वाटतो.

सूत्र तसंच राहिलं, मोटरी बदलल्या. १९८० च्या दशकात ताकद इंजिनाऐवजी पंख्याच्या दांड्यावर मोजायची पद्धत रुळली, त्यामुळे त्याआधीच्या दहाची आणि आजच्या दहाची तुलना सरळ होत नाही. १९९६ च्या प्रदूषण नियमांनंतर साध्या टू-स्ट्रोक मागे पडल्या आणि फोर-स्ट्रोक आल्या. पेट्रोल कमी पितात, आवाज कमी, पण वजन जास्त. ९.९ ची आजची मोटर साधारण ८० ते १०० पौंडांची असते, आणि ते सगळं बोटीच्या एका टोकाला लटकतं. माझं मत असं की दोघांनी मासे धरायला जायचं तर कमाल आकड्याच्या थोडं खालीच राहावं. मात्र फार खालीही जाऊ नये, नाहीतर माणसं आणि सामान भरल्यावर बोट उचललीच जात नाही.

जुन्या बोटीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. बहुतेक ॲल्युमिनियम ट्रान्सममध्ये आत प्लायवूड असतं आणि ते पाणी मुरून कुजतं. मोटर लावलेली असेल तर तिचं खालचं टोक धरून हळूच वर-खाली हलवावं. फळी वाकताना दिसली, तर लाकूड बदलेपर्यंत पाटीवरचा आकडा त्या बोटीला लागू नाही.