इंदूरला घरगुती लग्न करायचंय? मुहूर्ताआधी कागद बघा

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यांचं एकच मत होतं, हॉल नको, बँड नको, चाळीस माणसं आणि रामबागेतल्या घराच्या गच्चीवर जेवण. तारीख ठरली, आचाऱ्याला ॲडव्हान्स दिला, आणि मग तिच्या आजीने विचारलं की अर्ज कुठे दिलाय? नवरामुलगा केरळचा, ख्रिश्चन, इथे नोकरीला. म्हणजे नुसते गुरुजी बोलवून भागणार नव्हतं. पुढचे दोन महिने कलेक्टोरेट, नोटरी, झेरॉक्स आणि परत कलेक्टोरेट एवढंच केलं आणि आचाऱ्याची तारीखही बदलावी लागली, म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय, तुमचा तरी ॲडव्हान्स अडकू नये.

आपल्याकडे सरसकट 'कोर्ट मॅरेज' म्हणतात पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकतात. एक म्हणजे घरी विधी करायचे आणि मग नोंदणी करायची, दुसरी म्हणजे विवाह अधिकाऱ्यासमोर सही करूनच लग्न लागतं. आपल्याला कुठली हवी हे आधी ठरवा, कारण वेळ, कागद, साक्षीदार सगळंच त्यावर आहे.

दोघंही हिंदू असाल (यात कायद्याने बौद्ध, जैन, शीखही आले) तर माझं स्पष्ट मत, पहिलाच रस्ता धरा. हिंदू विवाह कायदा 1955 चा, त्यात हॉल लागत नाही, किती माणसं हवीत याचीही अट नाही, आधी नोटीस द्यायची नाही. मुलगा 21 पूर्ण, मुलगी 18 पूर्ण, दोघांचा आधीचा जोडीदार हयात नको (म्हणजे आधीचं लग्न चालू नको), आणि आपापल्या रीतीचे विधी झाले की लग्न लागलं, जिथे सप्तपदी आहे तिथे सातव्या पावलाला. दिवाणखान्यात पंधरा माणसांत लागलेलं लग्न तितकंच पक्कं असतं. पण विधी गाळू नका! हल्ली व्हिसासाठी घाई म्हणून आधी नुसती नोंदणी करून घेतात आणि खरं लग्न वर्षाने करू म्हणतात, ते चालत नाही. सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय की विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू लग्न होत नाही.

विधी झाल्यावर नोंदणी नगर निगममध्ये, म्हणजे महानगरपालिकेत. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये सगळ्या राज्यांना लग्नाची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं, त्यावरून मध्य प्रदेशात 2008 चे नियम आले. लग्नानंतर 30 दिवसांच्या आत अर्ज टाकून मोकळे व्हा, उशीर झाला की उगाच विलंब शुल्क. दोघांचं आधार, वयाचा पुरावा म्हणजे दहावीची मार्कशीट किंवा जन्म दाखला, पासपोर्ट फोटो, लग्नातला दोघांचा एकत्र फोटो, गुरुजींचं सही केलेलं पत्र, साक्षीदारांचे आयडी आणि लग्नपत्रिका. घरगुती लग्नात पत्रिका कोण छापतं, व्हॉट्सॲपवरच पाठवतात, पण शेजारच्यांच्या मुलाच्या वेळी फाईलला पत्रिका मागितली तेव्हा धावपळ झाली. दहा-पंधरा साध्या छापून घ्या, देवापुढेही ठेवता येते आणि फाईललाही लागते. नसेलच तर शपथपत्र करावं लागतं. फोटोग्राफर नसला तरी हार घालतानाचा एक स्वच्छ फोटो मोबाईलवर कोणाला तरी आठवणीने काढायला सांगा, दोघांचे चेहरे दिसतील असा, आमच्याकडच्या निम्म्या फोटोंत अंतरपाटच आहे.

आता दुसरा रस्ता, विशेष विवाह कायदा 1954. धर्म वेगळे असतील, किंवा विधी नकोच असतील तर हा. आपल्या इथे याचं काम मोती तबेल्याच्या कलेक्टोरेटमध्ये अपर कलेक्टरांकडे होतं. वयाची आणि आधीच्या लग्नाची अट तीच. शिवाय दोघांपैकी एकाने तरी नोटीस देण्याआधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असायला हवं. मुलगी पुण्याला नोकरी करते, मुलगा बंगलोरला, आणि लग्न इंदूरला आजीच्या घरी, असं असेल तर एकाला महिनाभर आधी इथे येऊन राहणं भाग आहे, हे खूप जणांना शेवटी कळतं.

मग नोटीस. ती नोंदवहीत चढते आणि ऑफिसात बोर्डावर लागते. एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते, आमची केरळला गेली. 30 दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर लग्न लावता येतं. आणि हरकत म्हणजे काय तर कायद्यातल्या अटी मोडत असतील तरच, वय कमी, आधीचं लग्न चालू, मनोरुग्णतेची अट, किंवा निषिद्ध नातं. काकांना जात पटत नाही, आई रडतेय, ही कायद्यातली हरकत नाही. हरकत आलीच तर अधिकाऱ्याने 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, आणि विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील आहे.

निषिद्ध नात्याबद्दल आपल्या लोकांनी जरा नीट वाचावं. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा करायची पद्धत आपल्यातल्या बऱ्याच घरांत आहे, हिंदू विवाह कायद्यात रूढी असेल तर ते चालतं, पण विशेष विवाह कायद्याच्या यादीत आते-मामे भावंडं निषिद्ध आहेत आणि तिथे रूढीची सूट सरकारने अधिसूचना काढलेल्यांनाच मिळते. अशा जोडप्याने पहिलाच रस्ता घ्यावा.

नोटीसची मुदत 3 महिने, तेवढ्यात लग्न झालं नाही तर नोटीस परत द्यायची. म्हणजे हातात पहिला महिना सोडून पुढचे साधारण दोन महिने. आमची चूक इथेच झाली, मुहूर्त आधी काढला, नोटीस नंतर दिली, आणि मुहूर्त निघाला 22 व्या दिवशी, तोही रविवारी! सुट्टीला ऑफिस बंद, आणि अपर कलेक्टरांकडे निवडणूक, बंदोबस्त अशी शंभर कामं असतात, तारीख त्यांच्या सवडीने मिळते. म्हणून शेवटी सही एका बुधवारी केली, आम्ही सात जणं गेलो, आणि गच्चीवरचं जेवण पुढच्या रविवारी, श्रीखंड-पुरी, मसालेभात, मठ्ठा. मला विचाराल तर हेच जास्त सोयीचं, खर्चही आटोक्यात राहतो, मंडपवाल्याची तारीख सरकारी तारखेला बांधूच नका.

त्या दिवशी 3 साक्षीदार लागतात, दोन नाही, मूळ आधार घेऊन. कायद्यात अशीही सोय आहे की जादा फी भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावर दुसऱ्या जागी लग्न लावायला बोलवता येतं, आजोबा अंथरुणाला खिळलेले असतील तर जरूर विचारून बघा. आणि लग्न कुठल्याही रीतीने लावता येतं, फक्त दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं ठरलेलं वाक्य साक्षीदारांसमोर म्हणायचं. आमच्या ताईने तिथेच खुर्च्यांमध्ये उभं राहून एक मंगलाष्टक म्हटलं, हळू आवाजात, खिशातून आणलेल्या चिमूटभर अक्षता टाकल्या, नंतर खाली वाकून एकेक दाणा वेचला. मी सगळा वेळ रडत होते.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. आपली आडनावं इथल्या हिंदी कागदांवर गेली की ळ चा ल होतो, काळेचं काले, कुळकर्णीचं कुलकर्णी, ते एक वेळ चालून जातं, पण इंग्रजी स्पेलिंग मार्कशीटवर एक आणि आधारवर एक असेल तर अडतंच. भाचीच्या आडनावात आधारवर एक अक्षर जास्त होतं, ते दुरुस्त करण्यात बारा दिवस गेले. लग्न ठरलं की त्याच संध्याकाळी दोघांचे सगळे कागद एका टेबलावर मांडून स्पेलिंग जुळवा. घटस्फोट झालेला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत हवी आणि अपिलाची 90 दिवसांची मुदत उलटलेली हवी, जोडीदार वारला असेल तर मृत्यू दाखला. दोघांचं अविवाहित असल्याचं वगैरे शपथपत्र स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून.

एजंट बाहेर भेटतातच, महिन्याची अट 'बघून घेऊ' म्हणतात. ती कायद्यातली आहे, कोणी बघून घेऊ शकत नाही. ज्याची पावती मिळते तेवढीच फी भरा.

फॉर्मवर मुलीचं नाव कागदांवर आहे तेच लिहा, सासरचं नाव लावायचं की नाही हे नंतर, सक्ती कुठेच नाही. सर्टिफिकेट हातात आलं की काउंटर सोडण्याआधी स्पेलिंग, जन्मतारीख, लग्नाची तारीख वाचा. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, पुढे परदेशासाठी त्यावर शिक्के लागतात आणि लॅमिनेट केलेली परत पाठवतात. त्यानंतर समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) नाव सासरच्या कुटुंबात घ्यायचं असेल तर तिथेही हेच सर्टिफिकेट लागतं, म्हणून चार-पाच झेरॉक्स काढूनच ठेवा.