बिनतारी दळणवळणातील संशोधन आणि मानकीकरण: एकसारखी भासणारी दोन कामे

मोबाइल दळणवळणात संशोधक होऊ इच्छिणाऱ्यांना नोकरीच्या जाहिरातींत ‘संशोधन व मानकीकरण’ (म्हणजे सर्व कंपन्यांच्या उपकरणांसाठी समान तांत्रिक नियम ठरवणे) हे शब्द अनेकदा जोडीनेच वाचायला मिळतात आणि ही दोन्ही कामे एकच आहेत, असा समज सहज होतो. दोन्हीकडे गणित तेच लागते, सिम्युलेशन करावे लागते आणि पदवीही बहुधा तीच असते. मात्र ज्या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करायचा, तो निराळा असतो.

गोंगाटातूनही संदेश बिनचूक पोहोचावा म्हणून त्याला सांकेतिक रूप देण्याची एक पद्धत म्हणजे पोलर कोड; तिच्या उदाहरणातून हा फरक स्पष्ट होतो. तुर्कस्तानातील बिल्केंट विद्यापीठाचे एर्दाल अरिकान यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, एकाच गोंगाटयुक्त चॅनेलच्या (संदेश वाहून नेणाऱ्या मार्गाच्या) अनेक प्रती विशिष्ट रीतीने गुंफल्या, तर त्यांतून काही जवळजवळ निर्दोष आणि उरलेले जवळजवळ निरुपयोगी असे चॅनेल तयार होतात. माहिती निर्दोष चॅनेलवरून पाठवायची आणि इतरांवर आधीच ठरलेले बिट ठेवायचे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे चॅनेलवरून बिनचूक माहिती पाठवण्याच्या कमाल वेगापर्यंत, या मार्गाने पोहोचता येते, याची गणिती सिद्धता अरिकान यांनी दिली. ती सिद्धता कोडची लांबी अमर्याद वाढवत नेल्यास लागू पडते. आखूड कोड प्रत्यक्षात कमी पडत होते आणि ती उणीव पुढे इतर संशोधकांनी यादी-आधारित डिकोडिंगने (अनेक संभाव्य उत्तरांची यादी सांभाळत मूळ संदेश ओळखण्याच्या पद्धतीने) बरीचशी भरून काढली. काय शक्य आहे आणि का, हा संशोधनाचा प्रश्न इथवर येतो.

२०१६ मध्ये मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बैठकांत ५जीसाठी कोड निवडताना चर्चा वेगळ्याच गोष्टींवर झाली: डिकोडरला चिपवर किती जागा लागेल, ऊर्जा किती खर्च होईल, विलंब किती होईल. अखेरीस नियंत्रण संदेशांसाठी पोलर कोड ठरले आणि मुख्य डेटासाठी एलडीपीसी हे दुसऱ्या प्रकारचे कोड, ज्यांची कल्पना रॉबर्ट गॅलागर यांनी १९६०च्या दशकातच मांडली होती. हे निर्णय सहमतीने होतात, म्हणून एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या अभियंत्यांना मान्य होईल असा मसुदा घडवणे, हे तेथील खरे कौशल्य असते. ते दुय्यम मानण्याची संशोधकांतील सवय मला अन्यायकारक वाटते, कारण मसुद्यातील एका संदिग्ध वाक्यामुळे दोन कंपन्यांची उपकरणे परस्परांशी जुळेनाशी होऊ शकतात.

संशोधनात पीएचडी जवळजवळ अपरिहार्य असते, कामाचे मोजमाप शोधनिबंधांवरून होते आणि बहुतेक कल्पना फोनपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. मानकीकरणात प्रवास आणि वाटाघाटी असतात, शेकडो प्रस्ताव वाचावे लागतात, तसेच मानकासाठी अत्यावश्यक ठरणारी पेटंटे कंपनीला मोलाची वाटतात. माझ्या मते आरंभ संशोधनापासून करावा, कारण तेथून मानकीकरणाकडे वळणे तुलनेने सोपे असते, तर सिद्धता लिहिण्याचा सराव एकदा सुटला की परतणे कठीण जाते. मुलाखतीत मात्र हे अवश्य विचारावे: गेल्या वर्षी या चमूचे काम कशावरून जोखले गेले, शोधनिबंधांवरून, स्वीकारल्या गेलेल्या प्रस्तावांवरून, की पेटंटांवरून?