पाण्याचं काठिण्य (एककं व मोजमाप)

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची एकूण मात्रा म्हणजे काठिण्य, शाळेच्या पुस्तकात असल्या पाण्याला दुष्फेन म्हणतात. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे खानदेशात बोअरचं पाणी वापरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तापीकाठी चोपडा-यावल-रावेरकडे गाळाचा जाड थर, धुळे-साक्रीकडे बेसाल्ट. बेसाल्टमधली खनिजं झिजून हे क्षार पाण्यात उतरतात आणि गाळात चुनखडीचे खडे असतात ते वेगळेच.

खरा घोळ एककांचा. रिपोर्टवर '360 मिग्रॅ/लिटर, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून' असं छापलेलं असतं, पण पाण्यात तेवढं कॅल्शियम कार्बोनेट नसतंच, मॅग्नेशियमसकट सगळा हिशोब त्या एका पदार्थात बदलून दिलेला असतो, कारण त्याचा रेणुभार जवळजवळ 100 आणि आकडेमोड सोपी. एक लिटर पाणी साधारण एक किलो भरतं म्हणून हेच 360 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). जर्मन अंशात हे सुमारे 20, फ्रेंच अंशात 36, इंग्रजी म्हणजे क्लार्क अंशात 25 च्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचा विद्युतभार धरून मोजायचं एकक) प्रतिलिटर लिहिलं तर 7.2. पाणी तेच! 'कशाच्या रूपात' हे न लिहिलेला आकडा वाचण्यात काही अर्थ नाही.

मोजणी अनुमापनाने (टायट्रेशनने) होते, म्हणजे माहीत असलेल्या ताकदीचं द्रावण नमुन्यात घालत जायचं आणि क्रिया पूर्ण व्हायला किती लागलं ते बघायचं. या पद्धतीचा जनक कोण यावर मतं वेगवेगळी आहेत. काही जण 1729 मध्ये व्हिनेगरची तीव्रता तपासणाऱ्या जोफ्रुआ या फ्रेंच रसायनज्ञाचं नाव घेतात, पण तो पोटॅशियम कार्बोनेट वजनाने घालत होता, आकारमान मोजत नव्हता, त्यामुळे 1791 च्या सुमारास ब्युरेटचं (द्रव मोजून सोडायच्या खुणांच्या नळीचं) पहिलं रूप वापरणाऱ्या देक्रुआझिलकडे मान जाणं जास्त पटतं. ब्युरेट आणि पिपेट (ठराविक द्रव ओढून घ्यायची नळी) ही नावं रुळवली गे-ल्युसॅकने, 1824 च्या आसपास, आणि आज लॅबमध्ये दिसते तशा ब्युरेटचं श्रेय बहुतेक मोर या जर्मन रसायनज्ञाला देतात. काठिण्यासाठी आधी थॉमस क्लार्कची साबण-चाचणी चालायची (साधारण 1840 चं दशक), फेस टिकेपर्यंत साबणाचं द्रावण घालत राहायचं. 1940 च्या दशकात श्वार्झेनबाख या रसायनज्ञाच्या कामानंतर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला घट्ट धरून ठेवणारं रसायन) आलं आणि साबण मागे पडला.

सध्याची रीत: 50 मिली नमुना, पीएच 10 चं बफर (पीएच तिथेच स्थिर ठेवणारं द्रावण), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून शेवट दाखवणारा सूचक), रंग वाइनसारखा लाल, मग 0.01 मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडायचं, लाल छटा पूर्ण जाऊन निळा झाला की थांबायचं. शेवटी हात जड झाला की आकडा फुगतोच. या ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 1 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून 18 मिली लागले तर 18 × 1000 ÷ 50 = 360.

बायकार्बोनेटमुळे आलेलं काठिण्य उकळल्यावर जातं, गिझरमध्ये आणि केळीच्या ठिबकच्या नळ्यांत पांढरा थर धरतो तो त्याचाच. सल्फेट-क्लोराइडचं उकळून जात नाही.

आरओवाले जो टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून दाखवतात तो काठिण्य मोजत नाही, विद्युतवाहकता मोजून तिला साधारण 0.5 ते 0.7 ने गुणतो, त्यात मिठाचं सोडियमही आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) काठिण्याची स्वीकार्य मर्यादा 200 आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 मिग्रॅ/लिटर आहे, तीही कॅल्शियम कार्बोनेट म्हणूनच.