ढालीशेजारी उभी न्यायदेवता

खिडकीच्या काचचित्रातल्या लाल ढालीच्या मधोमध एक छोटी पांढरी चांदणी हवी आहे. पण ढाल लाल काचेची, आणि लाल रंग वरून फासलेला नाही, काचेच्या अंगातच आहे. चांदणीपुरतं भोक पाडून पांढरा तुकडा बसवायचा म्हटलं तर काच तडकण्याची भीती, आणि जमलंच तरी तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या जाड पट्टीत चांदणी हरवून जाणार. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या स्विस काचचित्रकारांपुढे असे प्रश्न रोज यायचे. चांदण्या, किल्ल्या, कमळासारखी फुलं अशी बारीक चिन्हं असलेल्या कुलचिन्हांवरच, म्हणजे घराण्यांच्या आणि शहरांच्या ढालीवरच्या ओळखचिन्हांवरच, त्यांचं पोट होतं.

उत्तर लाल काचेच्या घडणीतच होतं. तांब्यामुळे येणारा लाल इतका गडद असतो, की संपूर्ण जाडीची लाल काच उजेडात धरली तरी जवळपास काळी दिसते. म्हणून काच बनवणारे साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत. चित्रकार तो थर चांदणीच्या आकारात घासून काढी आणि खालची स्वच्छ काच उघडी पाडी. चांदणी पिवळी हवी असेल तर त्या जागी मागच्या बाजूने चांदीच्या संयुगाचा, मातीत कालवलेला लेप देई आणि काच भट्टीत ठेवी.

भट्टीत जे घडतं ते मला या कलेतलं सर्वांत सुंदर वाटतं. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला काच वितळत नाही, पण तिच्यातले सोडियम आणि पोटॅशियमचे आयन जागा सोडू लागतात आणि त्यांच्या जागी चांदीचे आयन आत शिरतात. आत गेल्यावर त्यांचे धातूचे अतिसूक्ष्म कण बनतात, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपासचे. हे कण जांभळा आणि निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्यापर्यंत पोचतो तो पिवळा. आज ज्यांना नॅनोकण म्हणतात, त्यांच्याकडून युरोपातले कारागीर इ.स. १३०० च्या सुमारापासून काम करून घेत होते.

ही कला स्वित्झर्लंडमध्ये एवढी फोफावली ती एका रिवाजामुळे. कुणी नगरसभागृह बांधलं, श्रेणीचं (कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघाचं) घर किंवा खानावळ उभारली, की शेजारची शहरं, कँटन (स्विस संघातली राज्यं) आणि स्नेही मंडळी खिडकीसाठी काच भेट देत आणि तिच्यावर आपलं कुलचिन्ह घालत. १५०० च्या सुमारास बाडेनमध्ये, जिथे संघराज्याच्या प्रतिनिधींची सभा भरायची त्या दालनासाठी, झुरिकच्या लुकास त्साइनरने कँटनांच्या चिन्हांची अख्खी मालिका केली. या काचा बहुधा हातभर उंचीच्याही नसत. चर्चच्या उंच खिडकीकडे मान वर करून पाहावं लागतं. ही काच मात्र बाकावर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर असे, आणि तिच्यावरची ओळ वाचता येई.

मग धर्मसुधारणा आली, म्हणजे कॅथलिक चर्चपासून फुटून निघालेली प्रॉटेस्टंट चळवळ. झुरिकमध्ये १५२० च्या दशकात, बर्नमध्ये १५२८ साली, बाझेलमध्ये १५२९ साली चर्चमधून संतांच्या मूर्ती आणि चित्रं हटली. कॅथलिक कँटनांत संत काचेवर टिकून राहिले. सुधारणावादी शहरांत मात्र ढालीच्या दोन्ही अंगांना, जिथे पूर्वी संत उभे असत, तिथे सद्गुण स्त्रीरूपात येऊन उभे राहिले: तलवार आणि तराजू घेतलेली न्यायदेवता, आणि तिच्या जोडीला श्रद्धा, धैर्य, संयम. वरच्या पट्ट्यात लहानशी गोष्ट रंगवलेली असे. न्यायाच्या विषयाला आवडती गोष्ट होती पर्शियाच्या कँबायसिस राजाची. लाच खाणाऱ्या न्यायाधीशाची त्याने कातडी सोलवली, ती न्यायासनावर अंथरली आणि त्याच्याच मुलाला त्या आसनावर न्याय करायला बसवलं. मूळ कथा हेरोडोटसने सांगितलेली. निवाडे देणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर हे चित्र ठेवायचं, यात भिडेला जागाच नव्हती.

आणखी एक विषय तर खास स्विस होता: म्हातारा आणि तरुण स्वित्झर्लंडकर. म्हातारा साध्या कपड्यांत, तरुण भाडोत्री शिपायाच्या, जागोजागी चिरा दिलेल्या झगमगीत पोशाखात, आणि सोबत दोघांचा पद्यातला संवाद. परक्या राजांचा पैसा घेऊन लढायला जाण्यावरून तिथे खरोखर वाद पेटलेला होता. १५१५ मध्ये इटलीतल्या मारिन्यानोच्या लढाईत स्विस सैनिकांची भयंकर कत्तल झाली. पुढे १५२१ मध्ये बाकीच्या कँटनांनी फ्रान्सशी करार केला, पण धर्मसुधारक झ्विंग्लीच्या प्रभावाखालचं झुरिक त्यात गेलं नाही. त्या म्हाताऱ्याचे बोल पाहणाऱ्याच्या घरातल्या भांडणाचेच होते.

ही रूपकं पोथीतून उचललेली कोरडी प्रवचनं नव्हती, असं मला वाटतं ते आणखी एका कारणाने. न्यायदेवतेच्या पायाशी देणाऱ्याचं नाव आणि साल असे. आपली ढाल तिच्याशेजारी टेकवणारा माणूस चारचौघांत शब्द देत होता, आणि तोही दुसऱ्याच्या खिडकीत, जिथून तो सहजासहजी काढून घेता येणार नाही.

झुरिकच्या ख्रिस्तोफ मुरेरने (१५५८–१६१४) हे काम शिखरावर नेलं. त्याची रूपकचित्रं त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, झुरिकच्या योहान हाइनरिश रोर्डोर्फच्या पद्यांसह पुस्तकरूपात आली. त्याच्या काळापर्यंत दागिन्यांवरच्या मीनाकामासारखा मीना काचेवर सर्रास चढू लागला होता. आता एकाच पांढऱ्या तुकड्यावर निळा, हिरवा, जांभळा रंगवता येई आणि शिशाच्या रेषा कमी होत. पण मीना वरच बसतो. तापला-निवला की तो आणि खालची काच सारख्या मापाने फुगत-आकसत नाहीत, आणि पापुद्रे सुटू लागतात. निळा बहुधा आधी जातो. म्हणून या काचांवर कधी कधी असं दिसतं, की न्यायदेवतेचा निळा झगा जागोजागी उडून नुसती काच उरली आहे, पण तिच्या केसांचा आणि तराजूचा पिवळा जसाच्या तसा आहे. तो काचेच्या आतला आहे.