प्रीपेड वीजजोडणी : कोल्हापुरातील घरगुती ग्राहक

आधी पैसे भरून मग वीज वापरण्याची पद्धत. महिनाभर वीज वापरायची, रीडिंग झाले की बिल यायचे आणि मुदतीत ते भरायचे, ही रूढ पोस्टपेड पद्धत. प्रीपेडमध्ये हा क्रम उलटतो. खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंत वीज मिळते, रक्कम संपली की पुरवठा थांबतो आणि रिचार्ज केला की पुन्हा सुरू होतो. जून २०२४ च्या घोषणेनुसार सर्वसामान्य घरांत ती आणली जाणार नाही; पण घरोघर बसणाऱ्या नव्या स्मार्ट मीटरवर ती सुरू करता येण्याजोगी असल्याने समजून घेतलेली बरी.

कोल्हापुरात घरातली वीज महापालिका देत नाही. घरफाळा आणि पाणीपट्टी महापालिकेची, रस्त्यावरचे दिवेही तिचे. लाईट बिल मात्र महाराष्ट्र राज्य वीज वितरण कंपनीचे, म्हणजे महावितरणचे. राज्य वीज मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन ही कंपनी झाली. मुंबई शहरात बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम वीज पुरवतो, तशी सोय इथे नाही. त्यामुळे प्रीपेडसंबंधीचे दर आणि नियम महापालिकेच्या सभागृहात ठरत नाहीत. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, कायद्याची चौकट केंद्राची असते आणि अंमलबजावणी महावितरण करते. तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तर त्याचे हेलपाटे वाचतात.

उधारी आणि ठेव

पोस्टपेड जोडणी म्हणजे वीज कंपनीने ग्राहकाला दिलेली उधारी. वीज आधी वापरली जाते, पैसे नंतर येतात. मधल्या काळाची हमी म्हणून कंपनी सुरक्षा ठेव घेते. आयोगाच्या २०२१ च्या वीज पुरवठा संहितेनुसार मासिक बिल असणाऱ्या ग्राहकाची ही ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते. वापर वाढला की ठेवही वाढते. उन्हाळ्यात नेहमीच्या बिलाबरोबर अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा दुसरा कागद हातात पडतो आणि ‘हे कसले बिल?’ म्हणून घरोघर चर्चा होते, ती यामुळेच.

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४७ मध्ये स्पष्ट तरतूद आहे : ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असेल, तर कंपनीला त्याच्याकडे ठेव मागता येत नाही. जुना ग्राहक प्रीपेडवर गेला की थकबाकी वजा करून त्याची ठेव त्याच्याच पदरात पडायला हवी. महिन्याला सरासरी ९०० रुपये बिल असलेल्या घराचे १,८०० रुपये असे मोकळे होतात. रक्कम फार मोठी नाही, पण ती ग्राहकाची आहे आणि बदलाच्या वेळी ती लेखी मागून घेतली पाहिजे.

या सोयीच्या मोबदल्यात ग्राहक जे गमावतो ते अधिक मोलाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अधिनियमाच्या कलम ५६ नुसार बिल थकले तरी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. या पंधरा दिवसांत माणूस हातउसने घेतो, पगाराची वाट बघतो, बिल चुकीचे असेल तर अर्ज करतो, हप्ते पाडून मागतो. प्रीपेडमध्ये ही मुदत राहत नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये म्हटले आहे, की शिल्लक संपल्यावर मीटर आपोआप पुरवठा बंद करील, मात्र त्याला ‘वीज तोडणे’ मानले जाणार नाही. तोडलीच नाही म्हटल्यावर नोटीस द्यायचा प्रश्न उरत नाही. घरात आजारी माणूस आहे, ऑक्सिजनचे यंत्र चालू आहे, दहावी-बारावीची परीक्षा आहे, अशा वेळी हा फरक कागदावरचा राहत नाही. महावितरणने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार शिल्लक संपली तरी संध्याकाळी ६ ते सकाळी १० या वेळात वीज बंद होणार नाही आणि त्या वेळेतला वापर पुढच्या रिचार्जमधून वळता होईल. ही सवलत चांगली आहे. पण पंधरा दिवसांची जागा एका रात्रीने भरून निघत नाही.

मीटर आतून कसा चालतो

पूर्वीच्या प्रीपेड मीटरमध्ये कार्ड घालावे लागे किंवा आकडे दाबावे लागत. आता बसवले जाणारे स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाचा किंवा त्याहून कमी अवधीचा वापर नोंदवून बिनतारी जाळ्यातून कंपनीच्या संगणकाकडे पाठवतात. शिल्लक रकमेचा हिशेब मीटरच्या पोटात होत नाही. तो कंपनीच्या संगणकावर होतो आणि तिथूनच मीटरमधला स्विच उघडण्याचा किंवा मिटण्याचा हुकूम येतो. वायरमनने खांबावर चढायची गरज राहत नाही. यातूनच आणखी एक गोष्ट निघते : मीटर एकदा स्मार्ट बसला, की पोस्टपेडचे प्रीपेड करायला तो बदलावा लागत नाही, खात्याचा प्रकार बदलला की झाले. नव्या मीटरविषयी लोकांच्या मनात जी धास्ती आहे तिचे मूळ इथे आहे, आणि ती निराधार म्हणता येणार नाही.

हिशेबात सर्वाधिक गोंधळ टप्प्यांमुळे होतो. महाराष्ट्रात घरगुती दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा आणि त्यापुढे आणखी चढे आहेत. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या जवळपास जातो. पोस्टपेड बिलात हे सगळे महिनाअखेरी एकाच बेरजेत मिसळून येते. प्रीपेडमध्ये मात्र रोज रक्कम कमी होताना दिसते. महिन्याच्या सुरुवातीला ५०० रुपयांचा रिचार्ज बरेच दिवस पुरतो; १०० युनिटचा टप्पा ओलांडल्यावर तेवढ्याच रकमेचा रिचार्ज निम्म्या दिवसांत संपतो. घरातला पंखा तोच, फ्रिज तोच, मग ‘मीटर पळतोय’ अशी शंका येते. शिवाय स्थिर आकार वीज न वापरताही लागू असतो आणि घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क असते. चार दिवस गावाला जाऊन कुलूप लावलेल्या घराचीही शिल्लक थोडी घटलेली दिसते ती यामुळे.

मीटर खरोखर पळतोय की टप्पा बदललाय, हे घरच्या घरी तपासता येते. घरातली सगळी बटणे बंद करावीत, फ्रिजचा आणि राउटरचा प्लगही काढावा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. तो थांबला नाही, तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा शेजाऱ्याची वा जिन्याची एखादी लाईन आपल्या मीटरवर आहे. पेठांतल्या जुन्या वाड्यांमध्ये, वाटण्या होऊन खोल्या फुटलेल्या घरांत, हे हमखास सापडते. दिवा थांबला, तर मीटरचे बटण दाबून युनिटचा आकडा लिहून घ्यावा आणि २,००० वॉटचा गिझर एकटाच अर्धा तास चालवावा. आकडा १ युनिटने पुढे गेला तर मीटर ठीक आहे. गिझर मधेच आपोआप बंद पडत असेल तर गरम पाणी काढत राहावे, नाहीतर हिशेब चुकतो.

बदलाच्या वेळी

जुना मीटर उतरवण्यापूर्वी त्याच्या अंतिम रीडिंगचा फोटो घ्यावा. नव्या मीटरचा क्रमांक व सुरुवातीचे रीडिंग यांचाही फोटो घ्यावा आणि मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत मागावी. पुढे वाद झाला तर एवढेच उपयोगी पडते. थकबाकी असेल तर ती नव्या खात्यावर येते, म्हणून ती किती आणि किती हप्त्यांत कापली जाणार, हे आधीच विचारावे. ते न विचारल्यास पहिल्याच रिचार्जमधून जुने देणे वळते होते आणि भरलेल्या पैशाची वीज कमी मिळते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा मोबाईल क्रमांकाचा आहे. शिल्लक कमी झाल्याचा इशारा नोंदलेल्या क्रमांकावर जातो. कोल्हापुरात अजून कितीतरी जोडण्या आजोबांच्या नावावर आहेत आणि नोंदलेला क्रमांक पुण्याला नोकरीत असलेल्या मुलाचा असतो. घरात राहणारी आई-वडिलांची जोडी अंधारात बसेपर्यंत इशारा मुलाच्या फोनवर न वाचलेला पडून राहतो. राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या बाजूला भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे तसेच. इशारा घरमालकाला, अंधार भाडेकरूला. नाव बदलायला वेळ लागतो, पण मोबाईल क्रमांक बदलणे सोपे आहे. ते काम प्रीपेडच्या आधी उरकावे.

कोणाला सोयीचे

महिन्याचा ठरावीक पगार असणाऱ्या घराला प्रीपेडने विशेष फरक पडत नाही. फरक पडतो तो रोजंदारी, आठवड्याचा पगार किंवा हंगामी उत्पन्न असणाऱ्यांना, आणि कोल्हापूर परिसरात अशी घरे मोठ्या संख्येने आहेत. गोकुळला दूध घालणाऱ्या घरात दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते. त्या घराला महिन्याचे नऊशे रुपये एकदम काढण्यापेक्षा प्रत्येक दूध बिलातून तीनशे बाजूला काढणे सहज जमते. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला आठवड्याच्या पगारातून रिचार्ज करणे जमण्याजोगे आहे. ऊस उत्पादकाचे गणित वेगळे : कारखान्याचे पैसे हंगामात येतात आणि पावसाळ्यात हात आखडलेला असतो. त्याने हंगामातच मोठी रक्कम भरून ठेवली तर वर्ष निभावेल. पण त्याच पैशांवर सोसायटीचे कर्ज, मुलांची फी आणि घरातले लग्न यांचाही डोळा असतो. थोडक्या पैशात थोडी वीज ही मुभा गरिबाच्या उपयोगाची आहे खरी, मात्र त्याच गरिबाला अडीनडीच्या वेळी उधारीची गरजही सर्वांत जास्त असते.

महापालिकांनी प्रीपेड वीज विकण्याचा मोठा अनुभव दक्षिण आफ्रिकेचा आहे. तिथे ग्राहक दुकानातून २० अंकी सांकेतिक क्रमांक विकत घेऊन मीटरवर टाकतो. ही पद्धत १ जानेवारी १९९३ पासूनची मिनिटे मोजते आणि ते मोजमाप २४ नोव्हेंबर २०२४ ला संपत होते, म्हणून त्याआधी प्रत्येक मीटरला नवे संकेत द्यावे लागले. ज्या घरांत ते राहिले तिथे नवा रिचार्ज मीटर घेईना. आपल्याकडची पद्धत दूरसंवादावर चालत असल्याने ही अडचण येणार नाही, त्याऐवजी इथे जाळे आणि संगणक सतत चालू राहण्याची अट येते.

राज्यातील घडामोडी

केंद्राने २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे लक्ष्य ठेवले. महावितरणने २०२३ मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरची कंत्राटे दिली. मीटर, त्याचे संपर्कजाळे आणि देखभाल धरून एका मीटरमागे सुमारे १२,००० रुपये खर्च पडतो, तर केंद्राचे अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये आहे. उरलेला बोजा शेवटी दरातून ग्राहकावरच येणार, हा महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे अध्यक्ष, इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांचा आक्षेप राज्यभर गाजला. टोल घालवलेल्या कोल्हापूरला आंदोलन नवे नाही. इथेही विरोध संघटित झाला. जून २०२४ मध्ये ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले.

त्यानंतर तेच तंत्रज्ञान टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर या नावाने, बिल मात्र महिनाअखेरीच, अशा रूपात घरांत बसू लागले. १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सुरू होणारी सवलत ठेवण्यात आली. पाण्याची मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन दुपारी चालवणाऱ्या घराला तिचा लाभ होतो.

महापुराचा प्रश्न

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदी त्याच्या कितीतरी वर गेली. शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा भागांत मीटर पाण्याखाली गेले. अशा वेळी महावितरण सुरक्षेसाठी पुरवठा बंद ठेवते, तेव्हा शिल्लक असून-नसून सारखीच. पुढचा टप्पा मात्र महत्त्वाचा आहे. जुना मीटर बुडाला की त्यातले रीडिंग वाचता न आल्यास सरासरी बिल येते आणि ते दुरुस्त करून घेण्यात महिने जातात. स्मार्ट मीटरचे पाणी शिरण्यापूर्वीचे शेवटचे रीडिंग कंपनीकडे आधीच पोहोचलेले असते, म्हणून सरासरीला जागा राहत नाही. पूररेषेतल्या घरांना या मीटरचा हा खरा फायदा आहे. मीटर उंचावर बसवून घेण्याची मागणीही बदलाच्या वेळीच करावी.

तक्रार

वापरापेक्षा जास्त युनिट दिसत असल्यास ग्राहकाने उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांनुसार अशा तक्रारीनंतर पाच दिवसांत तपासणीसाठी दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने दोन्हींची नोंद ताडून पाहणे कंपनीवर बंधनकारक आहे. हा अधिकार फार थोड्यांना माहीत आहे आणि अर्जात त्याचा उल्लेख केल्याशिवाय तो सहसा मिळत नाही. कार्यालयाच्या उत्तराने समाधान झाले नाही तर कोल्हापुरातच ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथे वकील लावण्याची सक्ती नाही. त्यानंतर मुंबईच्या विद्युत लोकपालाकडे जाता येते.