तिच्या नावाचं रेशनकार्ड

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, खुरपणीची रोजावर. पावसाची झड लागली की दोन्ही बंद. मराठवाड्यात, विदर्भात ज्या घरातला नवरा वारला किंवा बायकोला टाकून गेला, त्या घराची चूल या रोजावर पेटते. बुडीत दिवसाला आधार रेशनच्या धान्याचा. पण काम असो वा धान्य, बाईची मोजदाद बहुतेक वेळा पुरुषाच्या जोडीनेच झाली आहे.

याला एक मोठा अपवाद आहे. 1972 च्या दुष्काळात बायका खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती वाहायला मोठ्या संख्येने आल्या. त्या पिढीच्या बायका मिलोच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीची आणि कामावर वाटलेल्या सुकडीची आठवण अजून काढतात. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यात कामाचा हक्क ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होता. कुटुंबाला नव्हे, व्यक्तीला. नवरा सोबत नसलेली बाईही स्वतःच्या नावावर काम मागू शकत होती. या एका शब्दाचं मोल आपण पुरेसं ओळखलं नाही, असं मला मनापासून वाटतं. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने 100 दिवसांची हमी दिली ती कुटुंबाला. माहेरी परतलेली बाई मग भावाच्या कुटुंबात धरली जाण्याचा धोका आला.

ऊसतोडीत तर हे उघडच आहे. बीडकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती जोडीला. एकटी बाई टोळीत जायची तर भाऊ, बाप नाहीतर हाताशी आलेला मुलगा सोबत लागतो.

रेशनकार्डाचा प्रश्न ऐरणीवर आणला तो परित्यक्तांच्या, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या चळवळीने. ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात आणि संगमनेरात या बायका संघटित झाल्या. सासरच्या कार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय दुसरीकडे चढत नाही आणि सासरचे नाव कमी करू देत नाहीत, या कात्रीत त्या सापडलेल्या. म्हणून पोटगीइतकीच स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी महत्त्वाची ठरली.

1999 साली महाराष्ट्रात उत्पन्नानुसार पिवळी, केशरी, पांढरी कार्डं आली. उत्पन्नाचा दाखला महत्त्वाचा झाला आणि मजुरीची कुठे नोंदच नसलेल्या बाईला तहसिलीच्या खेपा लागल्या. डिसेंबर 2000 मध्ये सर्वांत गरीब घरांसाठी अंत्योदय योजना सुरू झाली, घराला आधी 25 आणि 2002 पासून 35 किलो धान्याची. पुढे तिच्या विस्तारात आधार नसलेल्या विधवांच्या कुटुंबांचा स्पष्ट उल्लेख आला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी, 18 वर्षांवरची बाईच कार्डासाठी कुटुंबप्रमुख ठरवली. अंत्योदय सोडून इतर पात्र घरांना माणशी 5 किलो धान्य ठरलं.

कार्डावर नाव आलं, पण पुढे दुकानात मशीन आलं. खुरपं आणि विळा धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. बाई अंगठा ठेवते, पदराला पुसून पुन्हा ठेवते, तो काही उठत नाही. भरल्या घरात दुसरं कोणी येऊन अंगठा देतं. एकटीच्या कार्डावर उरलेली नावं शाळकरी पोरांची. मग दुसऱ्या दिवशी पोराची शाळा बुडवून त्याला दुकानात न्यायचं, आणि तिचाही रोज बुडतो.