ठोकून ऐकणे आणि कान लावून ऐकणे

मडके घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर घेतो, बद्द वाजले तर परत ठेवतो. रुळाला कान लावणारा मात्र रुळाला काहीच करत नाही. दूरच्या गाडीची थरथर त्यात आधीच येऊन पोहोचलेली असते. सार्वजनिक वास्तूंमधील ध्वनी-मांडणशिल्पांविषयी, म्हणजे एखाद्या जागेत आवाज मांडून केलेल्या कलाकृतींविषयी, लिहिताना ‘इमारत बोलू लागते’ असे सरसकट म्हटले जाते आणि या दोन निराळ्या क्रियांची गल्लत होते.

संगीतकार डेव्हिड बर्न यांचे ‘प्लेइंग द बिल्डिंग’ हा टिचकीचा प्रकार. २००५ मध्ये स्टॉकहोम येथे प्रथम मांडलेले हे काम २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या फेरीबोट धक्क्याच्या इमारतीत उभे राहिले. मोकळ्या दालनात एक जुना ऑर्गन होता, आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीच्या कुळातला. त्याच्या पाठीमागून निघालेल्या तारा आणि नळ्या छतापर्यंत गेल्या होत्या. एक पट्टी दाबली की खांबावर ठोका पडे, दुसरी दाबली की तुळईला जोडलेली मोटर तिला थरथरवी, तिसरीने नळात हवा शिरून तो बासरीसारखा घुमे. येणाऱ्या कोणालाही ती पेटी वाजवता येई. एके काळी ज्यांना टेकून माणसे बोटीची वाट पाहत, ते खांब पोकळ आहेत की भरीव, नळ आखूड आहे की लांब, हे इथे कानाला कळत होते. पेटीवरून हात उचलला की मात्र सारे गप्प.

ध्वनी-कलावंत बिल फोंटाना यांनी २००६ मध्ये लंडनच्या मिलेनियम पुलावर याच्या उलट केले. (पूल म्हणजे इमारत नव्हे, पण सार्वजनिक बांधकाम तर आहेच.) हा पादचारी पूल २००० साली खुला होताच चालणाऱ्यांच्या पावलांनी आडवा डुलू लागला, दोन दिवसांत बंद करावा लागला आणि धक्काशोषक बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला. ते डुलणे सेकंदाला साधारण एका झोक्याचे. आपला कान मात्र सेकंदाला सुमारे २० कंपनांखालचे ऐकत नाही. त्याहून वेगाने, अतिशय सूक्ष्मपणे पोलादी दोरांमधून जी कंपने धावत असतात, पावलांची आणि वाऱ्याची, ती फोंटाना यांनी पुलालाच चिकटवलेल्या सेन्सरांनी टिपली आणि ‘हार्मोनिक ब्रिज’ या नावाने पलीकडच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये थेट ऐकवली. पुलावरून जाणाऱ्याला आपण काही वाजवतो आहोत याचा पत्ताही नसे.

गंमत अशी की, अधिक हस्तक्षेप करणारे वाटते ते बर्न यांचे काम ध्वनिवर्धकाशिवाय चाले. नुसते ऐकणारे वाटते त्या फोंटाना यांच्या कामाला मात्र ध्वनिवर्धन हवेच, शिवाय सेन्सर कुठे चिकटवायचा ही निवडही कलावंताचीच. म्हणून पहिल्याला कृत्रिम आणि दुसऱ्याला अस्सल ठरवणे मला पटत नाही. पहिल्यातून वास्तू कशाची बनली आहे हे कळते, तर दुसऱ्यातून ती या क्षणी काय सोसते आहे हे.

एखाद्या सरकारी कचेरीच्या जिन्याचा लोखंडी कठडा दोन्हींसाठी पुरेसा आहे. बोटातल्या अंगठीने त्यावर टकटक केले की नळी पोकळ असल्याचे आणि जोड कुठे आहे ते समजते. मग हात आवरून त्याच कठड्याला कान टेकला, तर वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्याची पावले तो दिसण्याआधी ऐकू येतात.